विश्लेषण : वतने, वेठ, हजेरी... शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी कोणते जुने नियम मोडीत काढले?

कालबाह्य कायदे रद्द करण्याची मोहीम केंद्र सरकारने गेल्या दशकात हाती घेतली आणि दीड हजारांहून अधिक कायदे कायदेपुस्तकातून काढून टाकले. भाड्याच्या घोडागाड्यांसाठीचा १८७९चा आणि नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा १८७६चा कायदा ही त्यातली उदाहरणे. ज्या ब्रिटनकडून हे कायदे आपल्याकडे आले, तिथेही निरुपयोगी कायदे शोधून ते रद्द करण्याची शिफारस १९६५मध्ये स्थापन झालेला विधि आयोग करतो. यातले बरेचसे कायदे कागदावरच उरलेले असतात. ते गेल्याने सामान्य माणसाच्या दिनक्रमात फारसा फरक पडत नाही. कोल्हापूर संस्थानात १९१७ ते १९२० या काळात जे जुने नियम रद्द झाले, त्यांची गोष्ट वेगळी होती. ते नियम कालबाह्य असले तरी जिवंत होते आणि त्यांच्या ओझ्याखाली हजारो कुटुंबे दबलेली होती. हे नियम रद्द करणारे राजर्षी शाहू महाराज यांच्या कारकिर्दीकडे या अंगाने पाहिले, तर कायदा रद्द करणे म्हणजे नेमके काय, याचा उलगडा होतो.

शाहू महाराज गादीवर कसे आले?

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४चा. कागलच्या घाटगे घराण्यातील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब आणि राधाबाई यांचे ते पुत्र. मूळ नाव यशवंतराव. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज ब्रिटिशांच्या नजरकैदेत असताना १८८३मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात मरण पावले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शाहू ठेवले गेले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. स्टुअर्ट फ्रेझर हे ब्रिटिश अधिकारी त्यांचे शिक्षक होते. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली. जहागिरी धरून सुमारे नऊ लाख लोकसंख्येचे हे संस्थान त्यांनी पुढची २८ वर्षे चालवले.

संस्थानात कायदा करण्याचा अधिकार कोणाचा होता?

ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे संस्थानांना आपोआप लागू होत नसत. दरबार त्यातले काही स्वीकारी, काही बाजूला ठेवी. उरलेला कारभार राजाच्या हुकमांवर, जुन्या सनदांवर आणि रूढीवर चाले. हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात प्रसिद्ध होत. अर्थात राजाला मोकळे रान होते असे नाही. ब्रिटिश पोलिटिकल एजंट आणि नंतर रेसिडेंट यांची नजर कारभारावर असे आणि दरबाराच्या निर्णयाविरुद्ध वर दाद मागण्याची वाटही असे. तरीही जमीन, गावकामगार, शाळा, लग्न आणि वारसा या विषयांत राजाला बरेच काही करता येत होते.

म्हणूनच इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. महाराजांनी जे रद्द केले ते सगळेच छापील कायद्यांच्या रूपात नव्हते. काही सनदांत होते, काही महसुली दप्तरात, तर काही कुठेच लिहिलेले नव्हते. पण गावातल्या माणसाच्या दृष्टीने तो सगळा कायदाच होता.

या जुन्या व्यवस्थेशी पहिला खटका कधी उडाला?

१८९९मध्ये पंचगंगेच्या घाटावर स्नानाच्या वेळी राजपुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे महाराजांच्या लक्षात आणून दिले गेले. राजघराण्याला क्षत्रिय न मानता शूद्र मानल्याचा हा पुरावा होता. राजवाड्यातील विधी वेदोक्त पद्धतीने करण्याचा आदेश राजोपाध्यांनी पाळला नाही, तेव्हा महाराजांनी त्यांचे वतन जप्त केले. वाद रेसिडेंट, मुंबई सरकार आणि त्याहून वरपर्यंत गेला, पण महाराजांचा निर्णय कायम राहिला.

या वेदोक्त प्रकरणाची चर्चा सहसा जातीच्या अंगाने होते. कारभाराच्या अंगाने पाहिले तर त्यातून दुसरी एक गोष्ट पुढे आली. वतन ही सेवेसाठी दिलेली जमीन आहे, सेवा नाकारली तर वतनावरचा हक्क टिकत नाही, हे तत्त्व या प्रकरणात पक्के झाले. दीड दशकानंतर महाराजांनी वतनव्यवस्थेलाच हात घातला.

दरम्यान, २६ जुलै १९०२ रोजी निघालेल्या हुकमाने रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. तेव्हा महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. हा हुकूम अमलात यायचा तर शिकलेली माणसे हवी होती. त्यासाठी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. १९०१मध्ये मराठा बोर्डिंग आणि १९०८मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. पुढे रद्द झालेल्या नियमांच्या जागी जी नवी व्यवस्था आली, ती चालवणारी माणसे या वसतिगृहांनी पुरवली.

महार वतन म्हणजे काय आणि ते रद्द का झाले?

गावच्या कामासाठी महार समाजाला पिढीजात जमिनीचा तुकडा आणि बलुते मिळे. त्या बदल्यात सरकारी टपाल पोहोचवणे, वसुलीच्या वेळी लोकांना बोलावणे, अधिकाऱ्यांचे सामान वाहणे, राखण करणे, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे करावी लागत. कामाला वेळ नव्हती आणि यादीही नव्हती. पिढ्यान् पिढ्या वाटण्या होऊन जमीन इतकी तुकड्या-तुकड्यांत विभागली गेली होती की त्यावर एकाचेही पोट भरत नसे. पण तुकडा लहान झाला म्हणून काम कमी होत नव्हते. वतन एका घराच्या नावे असले तरी राबणूक सगळ्या वाड्याच्या वाट्याला येई.

वरवर पाहता वतन हा हक्क होता आणि अनेकांना तो मानाचाही वाटे. प्रत्यक्षात ती माणसाला गावाशी बांधून ठेवणारी दोरी होती. मुलाला शिकवायचे किंवा शहरात कामाला जायचे, तर जमीन सोडावी लागे.

जून १९१८मध्ये महाराजांनी महार वतने रद्द केली. या निर्णयाचे मर्म त्याच्या दुसऱ्या भागात आहे. जमीन काढून घेतली गेली नाही. ती कसणाऱ्यांच्या नावे रयतावा म्हणून करण्यात आली. म्हणजे इतर शेतकऱ्यांप्रमाणे सारा भरायचा आणि जमीन कसायची. तिच्याशी जोडलेली फुकटची चाकरी संपली. नुसते वतन खालसा केले असते, तर गुलामीबरोबर भाकरीही गेली असती. त्याच वर्षी बलुतेदारीची सक्तीही बंद झाली. कुठल्याही जातीच्या माणसाने कुठलाही धंदा करावा, अशी मुभा त्यामुळे मिळाली.

कुलकर्णी वतनाला हात का घातला?

गावचा हिशेब, जमिनीच्या नोंदी आणि साऱ्याचे कागद कुलकर्ण्याकडे असत. हे पदही पिढीजात होते. दप्तर मोडीत लिहिलेले आणि बहुधा कुलकर्ण्याच्या घरातच ठेवलेले असे. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या नावावर किती जमीन आहे, किती सारा थकला आहे, हे कुलकर्णी सांगेल ते खरे मानावे लागे. चूक झाली किंवा मुद्दाम केली, तरी ती तपासणार कोण? सरकारला कुलकर्णी बदलता येत नव्हता, कारण तो नोकर नव्हता, वतनदार होता.

१९१८मध्ये हे वतनही रद्द झाले आणि त्याजागी पगारी तलाठी आले. तलाठ्याची बदली होऊ शकते, त्याची चौकशी होऊ शकते, त्याला काढूनही टाकता येते. आज साधी वाटणारी ही गोष्ट तेव्हा गावातल्या सत्तेची रचना बदलणारी होती. या निर्णयाला मोठा विरोध झाला. पिढ्यान् पिढ्यांच्या सनदा असलेला मालकीहक्क सरकारने हिरावून घेतला, असे वतनदारांचे म्हणणे होते आणि संस्थानाबाहेरच्या वृत्तपत्रांतूनही टीका झाली. महाराज मागे हटले नाहीत. अस्पृश्य समाजातील तरुणांना तलाठीपदाचे शिक्षण देऊन त्यांनी नेमणुका केल्या. ज्यांना दप्तराला हात लावता येत नव्हता, त्यांच्यातल्याच काहींच्या हाती दप्तर आले.

हजेरी म्हणजे काय?

१८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिशांनी काही समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९११मध्ये या कायद्याची व्याप्ती देशभर वाढवण्यात आली. आधी गुन्हा आणि मग शिक्षा हा न्यायाचा साधा क्रम त्यात उलटा झाला होता. सोलापुरात तर अशा कुटुंबांसाठी तारेच्या कुंपणाआडची वसाहतच उभी होती. कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड अशा समाजांतील लोकांना गावकामगारापुढे रोज हजेरी द्यावी लागे. हजेरी चुकली तर शिक्षा. परगावी सुगीला, बाजाराला किंवा नातेवाइकाच्या लग्नाला जायचे तरी परवानगी हवी. ज्याने कधी चोरी केली नाही त्यालाही आपण चोर नाही हे रोज सिद्ध करावे लागे.

१९१८मध्ये महाराजांनी ही हजेरी बंद केली. इथेही हुकमासोबत पर्याय दिला गेला. फासेपारध्यांना वस्ती करून राहण्यासाठी जागा मिळाली, बांधकामावर मजुरी मिळाली आणि काहींना थेट पहारेकरी म्हणून नेमण्यात आले. ज्यांच्यावर पहारा ठेवायचा, त्यांच्याकडेच पहारा सोपवण्याचा हा निर्णय अनेकांना धाडसाचा वाटला. महाराज शिकारीच्या निमित्ताने या लोकांमध्ये राहिले होते आणि त्यांना ओळखत होते.

वेठबिगार कशी संपली?

अधिकारी फिरतीवर आला की त्याच्या तळासाठी सरपण, गवत, पाणी आणणे, सामान पुढच्या गावी पोहोचवणे ही कामे गावातल्या अस्पृश्यांकडून फुकट करून घेतली जात. दिवस मोडला तरी मजुरी नाही. मे १९२०मध्ये महाराजांनी अशी वेठ घेण्यास मनाई केली. वेठ घेणारे बहुधा सरकारी नोकरच असल्यामुळे या हुकमाचा रोख प्रजेपेक्षा स्वतःच्या यंत्रणेकडे जास्त होता.

स्त्रियांसाठी कोणते बदल झाले?

ब्रिटिश हिंदुस्थानात विधवा पुनर्विवाहाला १८५६मध्येच कायद्याची मान्यता मिळाली होती. कोल्हापुरात हा कायदा १९१७मध्ये आला. म्हणजे या एका बाबतीत संस्थान सहा दशके मागे होते. त्यानंतर मात्र वेग वाढला. आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा आणि स्त्रियांच्या छळाला आळा घालणारा असे दोन्ही कायदे १९१९च्या सुमारास झाले. ब्रिटिश मुलुखात १८७२च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर आपण हिंदू, मुस्लीम, ख्रिस्ती अशा कोणत्याही प्रचलित धर्माचे नाही, असे जाहीर करावे लागे. हिंदूंमधील आंतरजातीय विवाहांना वैधता देण्यासाठी विठ्ठलभाई पटेल यांनी १९१८मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले होते. त्याला देशभर विरोध झाला. शाहू महाराज त्याच्या बाजूने उभे राहिले आणि संस्थानात त्या दिशेने कायदाही केला.

१९२०मध्ये वारसा, अनौरस संतती आणि जोगतिणी यांच्याविषयीचे नियम बदलले गेले. देवाला मुली सोडण्याची चाल बंद करणे आणि अशा स्त्रियांचे घरातील हक्क राखणे, हा त्यामागचा उद्देश होता. सौंदत्तीच्या यल्लम्माची आणि जेजुरीच्या खंडोबाची भक्ती घराघरांत असलेल्या या भागात असा कायदा करणे सोपे नव्हते.

हुकूम निघाला म्हणजे नियम संपतो का?

नाही. महाराजांना हे ठाऊक होते. विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, सरकारी इमारती सर्वांना खुल्या असल्याचे हुकूम १९१९मध्ये निघाले, तेही एकदा नव्हे, एकापाठोपाठ एक. एकाच विषयावर पुन्हा पुन्हा हुकूम काढावा लागतो, याचा अर्थ खालची यंत्रणा तो पाळत नाही. त्याच वर्षी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा आदेश निघाला. प्राथमिक शिक्षण १९१७मध्येच सक्तीचे आणि मोफत झाले होते. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता.

जे हुकमाने साधत नव्हते, ते महाराजांनी स्वतः वागून दाखवले. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या पाण्याला हात लावल्यामुळे मारहाण झाली होती. महाराजांच्या मदतीने त्यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण, असा प्रश्न होता. महाराज फेरफटक्याला निघाले की तिथे गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावत. शिवाशिवीचा नियम कोणत्याही गॅझेटात छापलेला नव्हता. त्यामुळे तो गॅझेटातून काढता येत नव्हता. तो भर रस्त्यात मोडावा लागला.

अस्पृश्य समाजातील काहींना महाराजांनी वकिलीच्या सनदाही दिल्या. नवे हक्क कागदावर असले तरी ते कचेरीत मांडायला आपला माणूस लागतो, हा त्यामागचा विचार होता.

कारकिर्दीचा शेवट कसा झाला?

२१ आणि २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. महाराज स्वतः उपस्थित राहिले आणि अस्पृश्यांना त्यांचा खरा पुढारी मिळाल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले. आंबेडकरांच्या मूकनायक पत्रालाही त्यांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पण प्रकृती साथ देत नव्हती. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे ४७ वर्षे.

त्यांच्या सुधारणांची मर्यादाही इथेच दिसते. हे सारे हुकूम एका राजाच्या इच्छेवर उभे होते. त्यांच्यामागे लोकांनी निवडलेले विधिमंडळ नव्हते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि तिथले कायदे इथेही आले.

उर्वरित भागाला किती काळ लागला?

महार वतन : कोल्हापुरात १९१८. मुंबई इलाख्यात डॉ. आंबेडकरांनी १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्तीसाठी १९२८मध्ये विधेयक मांडले, पण ते मंजूर झाले नाही. मुंबई राज्याचा कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायदा १९५८चा.

कुलकर्णी वतन : कोल्हापुरात १९१८. मुंबई राज्याचा परगणा व कुलकर्णी वतन निर्मूलन कायदा १९५०चा.

हजेरी : कोल्हापुरात १९१८. गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. विमुक्त समाज हा दिवस आजही पाळतात.

वेठबिगार : कोल्हापुरात १९२०. राज्यघटनेच्या कलम २३ने १९५०मध्ये देशभर मनाई. वेठबिगारी निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा १९७६चा.

देवदासी प्रथा : कोल्हापुरात १९२०. मुंबई इलाख्यात १९३४.

आंतरजातीय विवाह : कोल्हापुरात १९१९च्या सुमारास. हिंदूंमधील अशा सर्व विवाहांना देशभर निर्विवाद वैधता १९४९च्या कायद्याने.

आज याचे महत्त्व काय?

जुना कायदा गेला तरी त्याची सावली मागे राहते, हे पुढच्या इतिहासाने दाखवले. गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाल्यावर अनेक राज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि पोलिसांचा संशय त्याच वस्त्यांवर राहिला. तुरुंगांच्या नियमपुस्तकांतील जातीवर आधारित कामवाटप आणि विमुक्त जमातींविषयीचे उल्लेख घटनाबाह्य ठरवायला सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२४चा निकाल यावा लागला. वतनाच्या जमिनींचेही तसेच आहे. १९५८च्या कायद्याने त्या मूळ धारकांना परत मिळाल्या, पण विक्रीसाठी सरकारी परवानगीची अट राहिली. सातबारावरील वतनाच्या नोंदीमुळे तहसील कचेरीच्या खेपा घालणारी कुटुंबे आजही आहेत.

या पार्श्वभूमीवर कोल्हापूरच्या हुकमांचे वेगळेपण उठून दिसते. वतन गेले तिथे रयताव्याची जमीन आली, कुलकर्णी गेला तिथे पगारी तलाठी आला, हजेरी गेली तिथे वस्ती आणि काम आले, वेगळी शाळा गेली तिथे सर्वांची शाळा आली. कायदेपुस्तकातून किती पाने कमी झाली, हा कालबाह्य कायद्यांच्या मोहिमेचा एक हिशेब झाला. त्या पानामुळे अडलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्या दिवशी काय आले, हा दुसरा. महाराष्ट्रात २६ जून हा सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत या दुसऱ्या हिशेबाला पहिला मान होता.